परदेशात पीएचडी आणि गावाकडचं घर: विदर्भातल्या खेड्यांतून गेलेल्या-जाणाऱ्यांसाठी

काळीमाती (धागाकर्ती)

राम राम मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी., आणि आता जर्मनीत मृदाशास्त्रात पीएचडी, शेवटच्या टप्प्यावर. काम आपल्याच काळ्या मातीवर आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगणारी ही माती पाणी कसं धरते आणि कसं सोडते, ते मोजते. आसपासच्या तालुक्यांतून मुलामुलींचे मेसेज येत असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती लाख लागतील?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

आधी पैसा. जर्मनीत पीएचडी ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. विद्यापीठाशी करार होतो आणि पगार सरकारी वेतनश्रेणीत मिळतो, तिला इथे टीव्ही-एल ई-१३ म्हणतात. पद पूर्ण असेलच असं नाही. ५० टक्के, ६५ टक्के, ७५ टक्के अशी पदं निघतात, काम मात्र बहुतेक सगळे पूर्ण वेळ करतात. ६५ टक्के पदाला महिन्याला साधारण ३,००० युरो पगार मिळतो. त्यातून कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून हातात २,००० च्या आसपास येतात. शिकवणी फी नसते. दर सत्राला एक शुल्क भरावं लागतं, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका. एम.एस.ची गोष्ट वेगळी, तिथे लोक कर्ज काढतात आणि फेडतातही. पण पीएचडीला घ्यायला तयार आणि पैसे द्यायला तयार नाही, अशा ठिकाणी चार वर्षं कोणाच्या जिवावर काढणार? तसंही शेतजमीन तारण ठेवून शिक्षणकर्ज द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. त्या घर किंवा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट मागतात, आणि गावठाणातल्या घरांचे कागद किती जणांकडे धड असतात ते आपल्याला माहीत आहे.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. २,००० युरो म्हटले की गावात त्याचे दोन लाख होतात. पोरगी महिन्याला दोन लाख कमावते हे एकदा चावडीवर गेलं की घरच्यांचं बोलणं बदलतं, सोयऱ्यांचं त्याहून जास्त. म्युनिकसारख्या शहरात नुसत्या खोलीला सातशे-आठशे युरो जातात, पूर्वेकडच्या लहान शहरात तीनशे-चारशेत भागतं, हे कोणी सांगत नाही. आपण सांगत नाही म्हणून त्यांना कळत नाही. मग चुलत बहिणीच्या लग्नाला, बोअरला, ट्रॅक्टरच्या हप्त्याला आपल्याकडे पाहिलं जातं. आपण "बघू" म्हणतो आणि दोन्हीकडे मन कडू होतं.

माझं सांगणं एवढंच की घरी खरा आकडा आणि खरी तारीख सांगा. पगाराची पावती बाबांना दाखवा. कापलं किती, भाडं किती, उरलं किती, हे आईला समजेल अशा शब्दांत सांगा. आपली आई सरकी, खत, फवारणी, वेचाईची मजुरी असा अख्खा हंगामाचा हिशोब तोंडी ठेवते, तिला हा हिशोब जड नाही. आणि तारीख म्हणजे पीएचडी कधी संपेल ती. "तीन वर्षं" म्हणून निघतो आणि चार-साडेचार होतात, कधी पाच. घरी तीनच सांगितलेलं असतं, त्यावर लग्नाची, घर बांधायची, भावाच्या शिक्षणाची गणितं मांडलेली असतात.

दुसरी गोष्ट गाईडची. देश, विद्यापीठ, रँकिंग यांपेक्षा गाईड मोठा. अर्ज करण्याआधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना ईमेल करा आणि थेट विचारा: किती वर्षांत संपलं, मध्येच कोणी सोडून गेलं का, गेलं तर का. कोणी गोलमोल उत्तर दिलं तर तेही उत्तरच आहे. आपल्याकडे सरांसमोर उलट बोलायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. इथे मीटिंगमध्ये गप्प बसलात तर समोरच्याला वाटतं की याला काही कळलेलं नाही किंवा यात रस नाही. "हे मला पटत नाही, कारण माझी आकडेवारी वेगळं सांगते" हे वाक्य म्हणायला शिका. माझ्या गाईडना ते आवडतं, आणि त्या स्वतःही चुकलं की सगळ्यांसमोर सांगतात. सगळे गाईड असे नसतात, म्हणून तर आधी विचारायचं.

तिसरी गोष्ट रजेची. करारावर असाल तर वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा हा तुमचा हक्क आहे. पोळ्याला, दिवाळीला घरी जायचं तर जा, संकोच करू नका. फक्त निवास परवान्याचं नूतनीकरण त्याच काळात येतंय का ते आधी पाहा. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तारीख मिळायला कित्येक आठवडे लागतात. परवाना संपायच्या आत अर्ज केला असेल तर फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतात. त्यावर कलम ८१ चं पोटकलम ४ लिहिलेलं असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ असेल तर तो कागद घेऊन देशाबाहेर जाऊ नका, परत येणं अडतं. हा एक आकडा विमानाचं तिकीट काढण्याआधी वाचाच.

---

अंबा_एक्सप्रेस

छान धागा. मी दर्यापूरकडचा, अमेरिकेत मध्य-पश्चिमेकडच्या एका राज्यात यांत्रिकी शाखेत पीएचडी करतो.

इथे पगार असिस्टंटशिपमधून येतो. एक तर शिकवायचं किंवा गाईडच्या प्रकल्पावर काम करायचं, आठवड्याला कागदोपत्री २० तास. फी विद्यापीठ माफ करतं. ऑफर लेटर नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी पैसे नऊ महिन्यांचेच असतात आणि उन्हाळ्याचे तीन महिने तुमचे तुम्ही. गाईडकडे प्रकल्पाचा निधी असेल तर उन्हाळा निघतो, नसेल तर बचतीवर काढावा लागतो. "उन्हाळ्याचं काय?" हा प्रश्न हो म्हणण्याआधी विचारायचा. आणखी एक, भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. कर भरताना हे सांगणारं कोणी नसतं, सिनियरला विचारून घ्या.

रजेबद्दल ताईंनी लिहिलं ते वाचून जीव जळला. इथे तशी ठरलेली रजा नाही, सगळं गाईडच्या मनावर. आणि व्हिसाचा शिक्का हा आत येण्यापुरता असतो. तो संपला तरी शिकत राहता येतं, पण एकदा बाहेर पडलात की नवीन शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत, आणि तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. माझी आजी गेली तेव्हा माझा शिक्का संपलेला होता आणि प्रबंधाच्या आधीची मोठी परीक्षा तोंडावर होती. मी गेलो नाही. मोठेबाबांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मी इथून पाहत होतो. ज्यांचे आजी-आजोबा घरी आहेत त्यांना कळकळीने सांगतो, शिक्का संपायच्या आधीच्या सुट्टीत घरी जा आणि नवीन घेऊन या. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा कागद, त्याच्या दुसऱ्या पानावर विद्यापीठाची प्रवासाची सही असते, तीही वर्षाच्या आतली लागते.

---

धुऱ्यावरून

ताई, दादा, तुमी लिवलं ते खरं हाय. पन दुसऱ्या बाजूनं कोनीच लिहीत नाई म्हनून मी लिवतो. माहा मोठा भाऊ परदेशात पीएचडी करून रायला. मी घरी. आठ एकर कोरडवाहू, निम्म्यात कापूस, निम्म्यात सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी.

गावात कोनीबी भेटलं का पयले इच्यारते, "दादा कसा हाय?" मी कसा हाय हे कोनी इच्यारत नाई. बाबाच्या डोयाचं आपरेशन, मायच्या गुडघ्याची दवाई, पीक विम्याची कागदं, बँकेत पीक कर्ज नवं-जुनं करनं, सारं माह्याकडं. २०१७ सालची गुलाबी बोंडअयी आमी घरी रायलेल्यांनीच पायली. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आन् लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० जाहीर झाला. पन सोयाबीन दाना भरताच पानी आलं, आन् ओला माल कोन हमीभावानं घेते?

भाऊ वाईट नाई. पैसे पाठवते. पन तो फोन लावते तवा त्याले बाबाशी बोलाचं असते, आन् बाबा त्याले सांगते का सारं ठीक हाय. ठीक नसते. त्याचं मन तिकडं लागाव म्हनून घरचे खोटं बोलते आन् मलेबी तेच बोलाले लावते. ताई, तुमी म्हनता घरी खरा आकडा सांगा. मी म्हनतो घरच्यांनीबी तिकडं खरा आकडा सांगाव.

---

काळीमाती

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. धाग्याचा अर्धा भाग मी लिहिला होता, उरलेला तुम्ही पुरा केलात.

माझ्याही घरी धाकटा भाऊच सगळं पाहतो. आमच्यात एक गोष्ट ठरलेली आहे, ती सांगते. आई-बाबांचा फोन वेगळा आणि भावाचा वेगळा. भावाचा फोन तो शेतात असताना, बाबा जवळ नसताना. त्यात कर्ज किती, औषधं किती, पेरणी साधली का दुबार करावी लागली, हे सगळं तो मोकळेपणी सांगतो. हिवाळ्यात साडेचार तासांचं आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्यामुळे माझी दुपारची जेवणाची सुट्टी म्हणजे त्याची संध्याकाळ, बैल सोडायची वेळ.

तुमच्या भावालाही तुम्ही असा वेगळा फोन मागा. तो नाही म्हणणार नाही. तिकडे बसलेल्या माणसाला "सारं ठीक आहे" ऐकून झोप लागत नाही, उलट काय लपवलं असेल याचा विचार रात्रभर चालतो. डिसेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो, प्रयोगशाळेतून निघावं तर बाहेर कोणी नाही, रविवारी सगळी दुकानं बंद. तशा दिवसांत अर्धवट बातमी फार त्रास देते. आणि ज्यांना असं महिनोन्‌महिने होतं, झोप-जेवण जातं, त्यांनी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जावं. बहुतेक विद्यापीठांत ते विनामूल्य असतं आणि तुमच्या गाईडला कळवलं जात नाही. आमच्या गटातली एक परदेशी मुलगी तिथे जायला लागल्यावरच सावरली.

---

निवृत्त_गुरुजी

सर्वांना आशीर्वाद. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये पीएचडी करीत आहे. मुलांचे ऐकले, आता एका बापाचेही ऐका.

विदर्भातल्या खेड्यातून परदेशी शिकायला जाणे हे नवे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेले भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख, एडिंबरोला आणि ऑक्सफर्डला शिकले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर त्यांनी ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली, परत येऊन श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेती शिकले, गदर चळवळीत होते, नंतर मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी शाळेत त्यांनी शिकवले आणि मक्यावर संशोधन केले. इंग्रजांच्या राज्यात त्यांना परतणे शक्य नव्हते, ते स्वातंत्र्यानंतरच आले आणि नागपुरात राहिले. त्या काळी पत्र बोटीने जायचे. घरच्यांना वर्षानुवर्षे खबर नसे. मी हे वर्गात शिकवीत असे तेव्हा मुलांना पराक्रम सांगायचो. त्यांच्या आईने ती वर्षे कशी काढली असतील याचा विचार मुलगी गेल्यावर मनात आला.

मुलीने जाताना मला तिचा करार वाचून दाखवला होता. नेदरलँड्समध्ये पीएचडीचा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा नोकरदार असतो, चार वर्षांचे काम, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी पुढे ठेवायचे की नाही याचा निर्णय होतो. ते पहिले वर्ष आमच्या घरात सर्वांनाच ठाऊक होते, म्हणून निर्णय तिच्या बाजूने झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले. लपवले असते तर तिने ती काळजी एकटीने केली असती. म्हणून पालकांना सांगतो, मुलांना फक्त "कधी येते?" विचारू नका. "सध्या काय अडले आहे?" असे विचारा. मातीचे, यंत्राचे, आकड्यांचे काही कळले नाही तरी ऐका. मला अर्धे कळत नाही, पण मुलगी समजावून सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

पालकांसाठी एक उपयोगी माहिती. युरोपात प्रवाशांना बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, खवा, पेढे पाठवू नका, विमानतळावर फेकतात. ताजी फळे-भाज्याही रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून सुटली आहेत. आमच्या मोर्शी-वरुडची संत्री आणि कढीपत्ता, दोन्ही घरीच ठेवावी लागली. शेवयांचे, कुरडयांचे, मसाल्याचे, वाळवलेल्या सांबाराचे (कोथिंबिरीचे) पाकीट नीट बंद करून, वर नाव लिहून द्या.

---

पहिली_पिढी

नमस्कार. मी वणी तालुक्यातली, एम.ए. समाजशास्त्र, अनुसूचित जातीतली. आईवडील दोघंही मजुरी करतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिन्याला साडेअकरा पौंडांवर राहिले, हे ऐकत मोठी झाले, त्यामुळे जायचं हे ठरलेलं आहे. पण वरचे सगळे प्रतिसाद शास्त्र शाखेचे आहेत. समाजशास्त्राला असे पगारी प्रकल्प मिळतात का? आणि सरकारी शिष्यवृत्तीचं काय? कागदांत कुठे अडतं?

---

वर्धेकर

पहिली_पिढी, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो, मी याच वाटेने इंग्लंडला आलो.

समाजशास्त्राला पगारी पदं कमी, पण आहेत. ब्रिटनमध्ये यूकेआरआयची (तिथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेची) शिष्यवृत्ती २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड आहे, तिच्यावर कर नाही. २०२१ पासून तिच्यातल्या ३० टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. स्पर्धा खूप आहे, तरी अर्ज करा.

सरकारीत दोन मोठ्या. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, बाकी विमुक्त-भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. ३० टक्के मुलींसाठी राखीव. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत, वय ३५ पर्यंत, विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये हवं. पीएचडीला चार वर्षांपर्यंत पैसे, निर्वाहाला ब्रिटनमध्ये वर्षाला ९,९०० पौंड आणि इतर देशांत १५,४०० डॉलर. एक मोठी अडचण समाजशास्त्रवाल्यांची. २०२२ पासूनच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले आहेत. जातीवर, भारतातल्या खेड्यावर संशोधन करायचं तर ही शिष्यवृत्ती चालत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. ज्यांनी ते जगलंय त्यांनीच त्यावर लिहायचं नाही, असा त्याचा परिणाम होतो. पण अर्ज करताना तो ध्यानात ठेवावाच लागतो.

दुसरी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, ७५ जागा. इतर प्रवर्गांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत.

आणि निवड झाली म्हणजे पैसे खात्यात आले असं समजू नका. २०२५ साली केंद्राच्या यादीतल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं दिली गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर असं कळवलं. त्यामुळे विद्यापीठाकडे प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवता येतो का, हे आधीच लेखी विचारून ठेवा.

कागद: जात वैधता प्रमाणपत्र आजच अर्ज करून घ्या, सगळ्यात वेळखाऊ तेच. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवरून वंशावळ जुळवावी लागते आणि जुन्या दाखल्यांत नावाचं स्पेलिंग, आडनाव वेगवेगळं निघतं. उत्पन्नाचा दाखला त्याच आर्थिक वर्षाचा. पासपोर्टवर, दहावीच्या सनदेवर आणि पदवीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार सीलबंद प्रती एकदमच काढा, नंतर भावाला त्यासाठी पुन्हा एस.टी.ने हेलपाटे घालावे लागतात. वडील मजुरीला जातात म्हणजे तहसीलला गेले की त्या दिवसाची रोजी बुडते, म्हणून सेतू केंद्रात जाण्याआधी कोणते कागद लागतात ते फोनवर विचारून घ्या.

विषयाबद्दल बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा, प्रस्ताव वाचून देईन.

---

पहिली_पिढी

वर्धेकर दादा, मनापासून धन्यवाद. वैधतेचा अर्ज केलेला आहे, आजोबांचा दाखला निघाला. माझा विषय कापूस वेचणाऱ्या बायांच्या कामाच्या वाटपाचा आहे, म्हणजे केंद्राचं दार बंद दिसतंय. मग यूकेआरआय आणि राज्याची योजना यांकडे वळते. या आठवड्यात प्रस्तावाचा कच्चा खर्डा पाठवते.

---

धुऱ्यावरून

काळीमाती ताई, तुमचं आयकून भावाले सरय सांगतलं. आता आमचा फोन वेगळा होते. बाबाच्या डोयाचा खर्च त्याले पयल्यांदा कयला.

एक इच्याराचं होतं. आमच्या धुऱ्याले लागून दोन एकर इकाले निंगालं. भाऊ म्हन्ते तो तिकून पैसे पाठवते, सातबारा त्याच्या नावानं करू. असं होते काय?

---

अकोल्याचा_सीए

धुऱ्यावरून, थांबा. तुमच्या भावाच्या नावाने ती खरेदी करता येणार नाही.

शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. रिझर्व्ह बँकेने २००३ साली हे स्पष्ट केलं आहे. आणि अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली शेती ठेवता येते आणि वारसाहक्काने आलेली घेता येते, ती गोष्ट वेगळी. त्यामुळे वडिलोपार्जित आठ एकरात पुढे त्याचं नाव लागायला अडचण नाही.

भाऊ वडिलांना किंवा तुम्हाला पैसे भेट म्हणून देऊ शकतो. सख्ख्या नात्यातल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर नाही. साधं भेटपत्र लिहून ठेवा, पैसे बँकेतूनच येऊ द्या. मग बाबा शेतकरी आहेत, त्यांच्या नावाने खरेदी होईल. पण भेट म्हणजे खरी भेट. सातबारा बाबांचा आणि आतून मालक भाऊ, असं ठरवून केलं तर ते बेनामी व्यवहारात अडकू शकतं. जमीन बाबांची झाली की पुढे ती सगळ्या वारसांची, बहीण असेल तर तिचीही. हे आजच तिघांत बोलून घ्या.

अजून दोन कामं. भावाचं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला सांगा. आणि त्याचा भारतातला मोबाईल नंबर बंद पडू देऊ नका. आधार, पॅन, बँक, सगळ्याचा ओटीपी त्यावरच येतो आणि तो बंद झाला की तिकडून काहीच हलत नाही. त्याच्या सहीची इथे कधी गरज पडणार असेल तर पुढच्या सुट्टीत आला की मुखत्यारपत्र नोंदवून घ्या. तिकडून पाठवायचं झालं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो.

---

धुऱ्यावरून

बरं झालं इच्यारलं, आमी इसार द्यालेच निंगालो होतो. मंग बाबाच्या नावानं करतो. ताईले बी फोन लावतो, तिच्याशी बोलल्याबिगर नाई. भेटपत्राचा नमुना असन तर इथंच टाका, साहेब, बाकीच्यांच्याबी कामी येईन.

---

अकोल्याचा_सीए

उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. त्याआधी विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा आणि शेवटचा फेरफार तलाठ्याकडून पाहून घ्या.